साहेबांचा घाम

प्रयोगशाळेतली पडदेवाली बाई भलतीच चिवट होती. प्लॅस्टिकची पूड द्रावकात विरघळवून ती काचेच्या कड्यात ओतायची, रात्रभर वाळू द्यायची आणि सकाळी नखाएवढा पारदर्शक पडदा सोलून काढायची. हा पडदा यंत्राच्या नळीच्या टोकाला चिकटवला की यंत्राने घामातलं मीठ, म्हणजे त्यातलं क्लोराइड ओळखावं, अशी अपेक्षा होती. ते फार निघालं तर लहान मुलांमधला एक गंभीर आजार वेळेत सापडतो.

पडदे मात्र लहरी. एक गळायचा, दुसरा फुगायचा, तिसरा भर दुपारी रुसून बसायचा. आज संशोधनाला पैसे देणाऱ्या पाहुण्या बाईंसमोर पडदा नापास झाला, तर तिचं टेबल शेजारच्या बॅटरीवाल्यांना जाणार होतं.

प्रयोगशाळेचे साहेब पन्नाशी ओलांडलेले, पण तोरा पंचविशीचा. आपण रोज टेनिस खेळतो, हे ते न विचारता सांगत. बाही सरसावून म्हणाले, "माझाच घाम घ्या. ताजा आहे!"

थेंब घेतला. यंत्रावरचा आकडा भलताच वर पळाला.

"हे काय, बाई?"

"यंत्राच्या मते तुमच्या अंगात समुद्र आहे, साहेब."

ती नळी तपासायला वाकली आणि ओळखीचा वास आला. सासूबाईंच्या गुडघ्यांचा! दुखण्यावरचा बाम. त्यातल्या सॅलिसिलेट या वेदनाशामक रसायनाला हा पडदा क्लोराइडच समजतो, तेही मोठ्या आनंदाने.

आता बोलावं तर साहेबांचं टेनिस उघडं पडणार, गप्प राहावं तर टेबल जाणार.

"दुसरा हात द्या ना, साहेब."

साहेबांनी दुसरा हात पाठीमागे घेतला. बाई काय समजायचं ते समजली. तिने पाहुण्या बाईंच्या मनगटावरचा थेंब घेतला. आकडा अगदी बरोबर आला.

"म्हणजे आजारी साहेब आहेत?" पाहुण्या बाई काळजीने म्हणाल्या.

"आजारी कोण?" साहेब उखडले. "कोपर धरलंय! बाम चोळलाय, दोन्ही हातांना!"

पाहुण्या बाईंनी हसू कसंबसं आवरलं. "तुमच्या पडद्याला मीठ आणि बाम यांतला फरक कळत नाही तर."

"नाही कळत," पडदेवाली म्हणाली. तिला वाईट वाटलं, पण खोटं बोलवेना. "शिकवावं लागेल."

"मग शिकवा. टेबल तुमच्याकडेच राहू दे. आणखी काय लागेल?"

"बाम लावलेला एक हात. रोज."

सगळ्यांच्या नजरा साहेबांकडे वळल्या. साहेबांनी मुकाट्याने बाही आणखी वर केली.