आमच्या दादांचं बेसणं

माझे वडील वारले त्या दिवशी ते चवळीच्या शेंगा आणायला बाजारात गेले होते. आपण वारल्याचं त्यांना घरी परत आल्यावर कळलं. हे सगळं माझ्या एकट्याच्या कर्तबगारीने घडलं, हे मी आधीच सांगून टाकतो. (नाहीतर आमची आत्या सांगते, आणि ती त्यात भरपूर तिखटमीठ घालते.)

त्याचं असं झालं. रेखाची, म्हणजे माझ्या बायकोची, स्तनाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट नुकतीच संपली होती. गाठ काढली, केमो झाल्या, रिपोर्ट चांगले आले. फक्त डोक्यावरचे केस सगळे गेले आणि त्यांच्याबरोबर तिचं बाहेर जाणंही गेलं. बडोद्याच्या तरसाली भागातल्या आमच्या फ्लॅटचा उंबरठा ती ओलांडेना. बेल वाजली की ओढणी गुंडाळून आतल्या खोलीत! नवरात्रात जी बाई गरब्याच्या गोलात सगळ्यांत पुढे असायची, ती अशी दाराआड बसलेली मला बघवत नव्हती.

अशात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हितेशभाई यांनी शहराच्या दुसऱ्या भागात, अकोट्याच्या मैदानावर, कॅन्सरसाठी मदत गोळा करायचा कार्यक्रम ठरवला. शनिवारी मुंडन. जो डोकं भादरून घेईल त्याच्या नावाने बघणाऱ्यांनी संशोधनासाठी देणगी द्यायची. रविवारी बायकांसाठी माहितीची सभा, आणि त्यात रेखाने बोलावं अशी हितेशभाईंची फार इच्छा.

"मी नाही येणार," रेखा म्हणाली. "सगळ्या माझ्या डोक्याकडे बघत बसतील. ऐकणार कोण?"

"मग मीही गोटा करतो," मी म्हणालो. "निम्म्या तरी माझ्याकडे बघतील."

"तुमच्याकडे आत्तापर्यंत कोणी बघितलंय?" ती म्हणाली. पण नको म्हणाली नाही, तेवढ्यावर मी ठरवून टाकलं.

आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, परवानगी काढणं भाग होतं. आमचे पूर्वज बडोदे संस्थानच्या घोडदळात. घोडे गेले, संस्थान गेलं, मिशा मात्र राहिल्या. दादांची मिशी अजून दोन्ही बाजूंनी वर वळलेली आहे. त्यांनी कानाचं यंत्र नीट बसवून माझं म्हणणं ऐकलं आणि म्हणाले, "डोकं तुझं आहे, काय करायचं ते कर. मिशी घराण्याची आहे. मी जिवंत आहे तोवर तिला वस्तरा लागायचा नाही."

मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. पण शनिवारी मैदानावर काय तो उत्साह! ढोल वाजतायत, पोरं शिट्ट्या मारतायत, न्हावी हात धुऊन तयार आणि हितेशभाईंच्या हातात माइक. माझं डोकं दोन मिनिटांत तुळतुळीत झालं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात हितेशभाई ओरडले, "विनुभाई, मूछ पण?"

गर्दीतून आवाज आला, "मूछना डबल!"

देणगी दुप्पट! समोर माणसं पाकिटं काढून उभी. अशा वेळी माणसाला घराणं आठवत नाही. मी हनुवटी वर केली.

संयोजकांनी दिलेला पांढरा कुडता घालून मी स्कूटरवरून घरी निघालो. बारीक केस डोळ्यांत गेल्यामुळे डोळे लालभडक होते आणि त्यांतून सारखं पाणी वाहत होतं. सोसायटीच्या फाटकावर आमचा वॉचमन मला बघून चक्क उभा राहिला. तो कधी चेअरमनसाठीही उठलेला नाही! मला वाटलं, अकोट्याची बातमी माझ्या आधी तरसालीला पोचली.

जिन्यात समोरच्या ज्योत्स्नाबेन भेटल्या. माझं डोकं आणि ओठ बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चालायचंच," मी नम्रपणे म्हणालो. "प्रत्येकाने कधी ना कधी हे करायलाच हवं."

"साची वात, अगदी खरं," त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. माझ्या त्यागाने एक बाई रडली, या विचाराने माझी छाती फुगली.

रेखाने दार उघडलं. "मिशी कुठाय?"

"दान केली."

"तिचा कोणाला टोप होणार आहे?" ती म्हणाली. "दादा बाजारात गेलेत. येतील तेव्हा तुमचं तुम्ही निस्तरा. आणि मी उद्या येणार नाही, ते तसंच आहे." आतल्या खोलीचं दार लागलं.

मी हिरमुसलो आणि मोबाइल उघडला. सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांगच लागली होती! नुसते हात, एकाखाली एक. आणि मला ती कल्पना सुचली. एवढी माणसं कौतुकाने घरी आली, रेखाशी बोलली, तर तिची भीड चेपेल. मी लगेच लिहिलं, 'आपल्या सर्वांच्या भावनांबद्दल आभारी आहे. संध्याकाळी सहा वाजता घरी यावे. रेखाला धीर येईल.' वर दुकानातून पातेलंभर सेव-उसळ मागवली.

आता, ज्यांना बडोदे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे माणूस गेला की घरचे वेळ कळवतात, लोक पांढरे कपडे घालून येतात, गप्प बसतात, हात जोडतात आणि जातात. त्याला बेसणं म्हणतात. डोकं आणि मिशी एकदम उतरवलेला मुलगा बघितल्यावर त्याचा बाप कुठे आहे हे कोणी विचारत नाही. जे लोक माझं खरं मुंडन बघायला गेले होते, ते सगळे अजून अकोट्याला होते.

सहाला माणसं येऊ लागली. सगळी पांढऱ्या कपड्यांत! मला वाटलं, माझ्या कुडत्याला पाठिंबा म्हणून. चपला बाहेर काढून ती सतरंजीवर बसली आणि जमिनीकडे बघू लागली. मी सेव-उसळीच्या बश्या फिरवायला सुरुवात केली.

"घ्या ना. लाजू नका, आज आनंदाचा दिवस आहे."

कोणी हात पुढे करेना. पटेलकाका शेजाऱ्याच्या कानात कुजबुजले, "आघात लाग्यो छे." मी त्यांच्या बशीत आणखी शेव घातली.

तेवढ्यात दारात हंबरडा ऐकू आला. "दादा! मला न भेटताच कसा रे गेलास!" पादरा गावची आमची आत्या होती. ज्योत्स्नाबेननी तिला फोन केला होता. तिने मला मिठी मारली आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात, जे आता बाहेरून अगदी मोकळं होतं, उजेड पडला. हातातली बशी कलंडली.

मी तोंड उघडणार, तर आत्याच्या मागून दादा आत आले. बाजारात जाताना ते कानाचं यंत्र घरीच ठेवतात. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बघून त्यांनी शेंगांची पिशवी दाराशी ठेवली, चपला काढल्या आणि पटेलकाकांशेजारी मांडी घालून बसले. थोडा वेळ मान खाली घालून त्यांनी दुःख केलं. मग हळूच विचारलं, "कोण गेलं?"

पटेलकाकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि ते भिंतीला टेकले. दादांची नजर फिरत फिरत माझ्या ओठांवर आली.

"मी असताना?" ते म्हणाले.

आत्या किंचाळली. ती किंकाळी ऐकून रेखा आतून धावत बाहेर आली. "अहो आत्या, रडू नका, दादा भाजी आणायला गेले होते!"

घाईत रेखाची ओढणी आतच राहिली होती. सगळ्यांच्या नजरा तिच्या डोक्यावर गेल्या. तिचा हात वर गेला. आता ही आत पळणार, आणि पुन्हा कधी बाहेर येणार नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. मग दादांकडे, मग पांढऱ्या साड्यांच्या रांगेकडे. आणि ती हसू लागली. पोट धरून, भिंतीचा आधार घेऊन हसली. मला तर रडूच आलं. (या वेळी केस डोळ्यांत गेले नव्हते.)

आत्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "दुखतं का गं?"

"डोकं नाही दुखत, आत्या. गाठ हाताला लागली तेव्हाही दुखत नव्हतं, म्हणून तर मी लाजेपायी कितीतरी दिवस कोणाला सांगितलं नाही. तसं तुम्ही कोणी करू नका." ती खाली बसली. ज्योत्स्नाबेन सरकून जवळ आल्या. एकेक बाई आधी दबकत आणि मग मोकळेपणाने विचारू लागली. एकीने हळूच डॉक्टरांचा नंबर मागितला. सेव-उसळीचं पातेलं रिकामं झालं. दादांनी दोन बश्या खाल्ल्या, पण माझ्याशी ते महिनाभर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रेखा उघड्या डोक्याने अकोट्याला गेली आणि बोलली. सभेत सगळ्या जणी तिच्याकडे बघत होत्या, आणि ऐकतही होत्या.

आता तिचे केस परत आलेत, पहिल्यापेक्षा दाट आणि वर कुरळे. माझे मात्र त्या शनिवारी जे गेले ते गेलेच. आम्ही दोघं बाहेर पडलो की अनोळखी माणसं तिला बाजूला घेतात आणि माझ्याकडे बघत काळजीने विचारतात, "यांची ट्रीटमेंट अजून चालूच आहे का?"