लढाई तिकडे, काचा आमच्या

“आज कुठे लढाई लागलीय का गं?”

बूट काढायच्या आधी आजी हे विचारायच्या. जपानमध्ये फुनाबोरीतल्या वृद्धांच्या डे-सेंटरमध्ये मी मदतनीस आहे. सकाळी गाडी म्हातारी माणसं घेऊन येते आणि आम्ही त्यांना हात देऊन आत घेतो. बाकीचे जेवायला काय आहे ते विचारतात. आजींना आधी बातम्या हव्या असत. कुठेच काही नाही म्हटलं, की मग त्यांचा पाय उंबऱ्याच्या आत यायचा. गेल्या काही वर्षांत मला तसं म्हणता येईनासं झालं होतं.

मी पुण्याची, हे त्यांनी माझ्या एका ‘अगं बाई’वरून ओळखलं. त्यांचं मराठी जुन्या कोकणी वळणाचं होतं, मध्येच उर्दू शब्द पेरलेलं. मूळ कुठलं, विचारलं तर म्हणाल्या, “आम्ही पारशी.” बरं म्हटलं. तुम्हीही तेच म्हणाला असता.

एकदा जेवणात तळलेली कोलंबी होती. आजींनी ती ताटाच्या कडेला अशी सरकवली, जणू ती अजून चालते आहे.

“आजी, आमच्या शेजारचे पारशी कोलंबीवर जीव टाकायचे,” मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग खुदकन हसल्या. “एवढी वर्षं कुणी पकडलं नव्हतं. संध्याकाळी घरी ये.”

घरी त्यांनी चहा केला, खिडकी लावली आणि हळू आवाजात सांगितलं. त्या बेने इस्राएल होत्या, म्हणजे अलिबागकडचे मराठी बोलणारे ज्यू; कोलंबी त्यांना चालत नाही. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी कराचीला गेले आणि तिथेच राहिले.

“आधी कुणी काही म्हणत नव्हतं गं. शेजारीण मुसलमान. आम्हीही डुक्कर खात नाही, म्हणून ती आमच्याकडे निर्धास्त जेवायची. ईदला तिची थाळी यायची, आमचा मलिदा तिच्याकडे जायचा. मग फाळणी झाली, पुढे इस्राएल झालं. ते आम्ही नकाशात पण पाहिलं नव्हतं. पण जमाव आला तो आमच्या प्रार्थनाघरावर. त्यानंतर तेच. लढाई तिकडे व्हायची, काचा आमच्या फुटायच्या. ‘यहूदी’ ही शाळेत शिवी झाली. जे आम्हाला ओळखत होते त्यांनी दगड मारला नाही. ते नुसते गप्प बसले.”

इस्राएलच्या सदुसष्टच्या लढाईच्या वेळी माणसं त्यांच्या गल्लीत शिरली. समोरचा एक मुसलमान तरुण येऊन जिन्यात उभा राहिला आणि म्हणाला, वर पारशी राहतात. माणसं परत गेली. “आमच्यासाठी खोटं बोलणारा तेवढा एकच निघाला,” आजी म्हणाल्या. त्यांची धाकटी बहीण पुढे त्याच्याशीच लग्न करून कराचीत राहिली. बाकीचं कुटुंब पारशी म्हणवत इराणमार्गे निघालं आणि कसंबसं मुंबईत पोहोचलं. आजींचं लग्न जहाजावरच्या एका इंजिनिअरशी झालं आणि त्या योकोहामाला आल्या. तिथे नवऱ्याची ओळख बगदादच्या एका म्हाताऱ्या ज्यूशी होती. त्याच्या देशात ज्यू इस्लामच्याही आधीपासून राहत होते, तरी एका पिढीत सगळे संपले. “त्याच्या घरातली माणसं मारली होती. त्याच्यापुढे आमच्या काचांचं काय सांगायचं?” आजी म्हणायच्या.

बहिणीने नाव बदललं, ती नमाज शिकली. दोघी फोनवर मात्र मराठीत बोलायच्या. तिच्या घरात मराठी कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे मनातलं सगळं बोलता यायचं. जिन्यातला तो तरुण म्हातारा होऊन वारला. त्याने मरण्याआधी खरी गोष्ट फक्त मुलाला सांगितली होती. नातवंडांना काही माहीत नव्हतं.

मग बहिणीला विसरण्याचा आजार झाला. आधी सुनेचं नाव गेलं, मग उर्दू गेली. मराठी राहिली, आणि मराठीच्याही खालून लहानपणची हिब्रू प्रार्थना वर आली. ती कधीही दिवा मागायची आणि डोळ्यांवर हात ठेवून मोठ्याने “शेमा इस्राएल”, म्हणजे ‘ऐक, इस्राएल’, म्हणायची. त्यातला एक शब्द तर घरात कुणालाही कळण्यासारखा होता.

गाझातली लढाई सुरू होती. टीव्हीवर रोज मेलेली मुलं दिसत होती आणि तिच्या गल्लीत संताप होता. तिच्या मुलाचा आजींना फोन आला तेव्हा मी तिथेच होते. आजींना तो खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. तो रडत होता. “खाला, तिला समजवा. ती फक्त तुमची भाषा ऐकते. तिला म्हणावं, ते म्हणू नकोस. माझी मुलं विचारतात. शेजाऱ्यांनी ऐकलं तर मी काय करू?”

आजींनी फोन ठेवला. 

“तिच्याजवळ आता तेवढंच उरलंय,” त्या म्हणाल्या. “आणि ते मीच काढून घ्यायचं?”

त्यांनी आपल्या मुलाला विचारलं, मावशीला इथे आणता येईल का? मुलगा कावासाकीला असतो, बायको जपानी. तो वाईट नाही. म्हणाला, “आई, तिला विमानात कोण बसवणार? इथे तिला कोण सांभाळणार? तुलाच आम्ही सांभाळू शकत नाही.” 

मग त्यांनीच तोड काढली. शुक्रवारी दुपारी कराचीतल्या त्या घरातले पुरुष मशिदीत जात. तेव्हा इकडे संध्याकाळ असते, शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लावायची वेळ. भाच्याने फोन आईजवळ ठेवून जायचं ठरलं. आजींना व्हिडिओ जमत नसे, म्हणून मी जाऊ लागले. आजी डोक्यावर पदर घेऊन दिवा लावायच्या, मी तो फोनसमोर धरायची.

“दिसला?”

“दिसला,” तिकडून लहान मुलीसारखा आवाज यायचा.

“आता मी म्हणते, तू ऐक. तू म्हणायचं नाही. तुझ्या वाटचं मी म्हणते.”

“आईने सांगितलंय?”

“हो. आईनेच सांगितलंय.”

ती ऐकायची. भाचा कळवायचा, आई आता शांत झोपते. आजी तो निरोप मला परत परत वाचायला लावायच्या.

पण एका शुक्रवारी बहिणीचा थोरला नातू लवकर परतला. पडद्यावर आधी त्याचा कुर्ता दिसला, मग चेहरा. वीस-एकविशीचा, देखणा, जिन्यातल्या तरुणासारखा, असं आजी नंतर म्हणाल्या. दिवा दिसत होता, आजींची प्रार्थना चालू होती. त्याने आपल्या दादीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

“दादी यहूदी है?”

त्याने आवाज चढवला नाही. तो घाबरला होता. म्हातारी त्याचा हात धरून मराठीत म्हणत होती, “बस रे, ताई दिवा दाखवतेय.” त्याने हात सोडवला आणि फोन बंद केला.

भाच्याचा एकच निरोप आला: आम्ही घर बदलतो आहोत, आता फोन करू नका, माफ करा. नंतर तो नंबरही लागेना. आजी डे-सेंटरमध्ये यायच्या, पण लढाईचं विचारणं थांबलं. जेवण तसंच परत जायचं. “जिवंत आहे का नाही, एवढं तरी कुणी सांगा,” त्या जपानी मुलींनाही मराठीत म्हणायच्या. मुली मान हलवून त्यांची पाठ चोळायच्या.

थंडी संपता संपता बातमी आली, तीही त्या नातवाकडून. दादी गेली. झोपेतच गेली. जनाज्याला पुष्कळ माणसं होती. खाली त्याने लिहिलं होतं, शेवटी ती जे म्हणायची ते मी म्हणू दिलं, दार लावून घेतलं होतं.

आजींनी मला विचारलं, “तिचं तोंड मक्केकडे केलं असेल ना?”

“हो आजी.”

“कराचीहून मक्का पश्चिमेला. आमचं जेरुसलेमही पश्चिमेलाच.” त्यांनी बोटाने हवेत एक रेघ काढली, मग तिच्या शेजारी दुसरी. “थोडाच फरक पडतो.”

त्यांच्यात बहीण गेली की सात दिवस घरात जमिनीवर बसतात आणि अंगावरचा कपडा फाडतात. आजींच्या बोटांत जोर नव्हता. मी कात्रीने ब्लाउजच्या गळ्याशी एक चीर दिली. पुढे त्यांनी दोन्ही हातांनी ओढून स्वतः फाडलं. एवढ्या नाजूक बाईच्या हातून एवढा मोठा आवाज निघेल, असं मला वाटलं नव्हतं.

मी रात्री आजींकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाली का आल्या नाहीत म्हणून डे-सेंटरच्या गाडीवरची जपानी मुलगी वर आली. आजींचा फाटका गळा पाहून ती गडबडली. बॅगेतून सुई-दोरा काढून त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि सुईत दोरा ओवू लागली. आजींनी तिचा हात धरला.

“राहू दे गं,” त्या मराठीतच म्हणाल्या. “एवढं तरी दिसू दे.”

मुलीला शब्द कळले नाहीत. तिने सुई परत ठेवली आणि गाडी खाली उभी असतानाही ती आजींच्या शेजारी जमिनीवर बसून राहिली.