लाखेचा बिल्ला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या ठाण्याच्या नाणेसंग्राहक मंडळात तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण परवा टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये मंडळाने मला शाल घातली — ‘जुन्या वस्तूंना जपणारे हात’ म्हणे! — आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

सोन्या-चांदीच्या नाण्यांचं मला कधीच कौतुक नव्हतं. ती कुणीही सांभाळतं. मी शोधतो ती शिशाची, कथलाची, पुठ्ठ्याची नाणी, चिनीमातीची टोकनं. आणि असल्या वस्तू बिघडवणाऱ्यांवर मी आयुष्यभर तोंडसुख घेत आलोय. तांब्याचं नाणं चिंचेने घासून चकचकीत करून आणणाऱ्या एका गृहस्थाला मी भर बैठकीत असा झापलेला, की तो पुन्हा आलाच नाही. मी! मला काय अधिकार होता?

मोहन कांबळे आमच्या मंडळातलेच, कल्याणचे. त्यांचे वडील शहाडकडच्या एका कारखान्यात होते. तिथे हत्यार घ्यायचं तर खिडकीवर आपल्या नंबराचा बिल्ला ठेवायचा, हत्यार परत केलं की बिल्ला परत. आधी बिल्ले पितळेचे होते. कामगार पितळ विकून खातील म्हणून मालकांनी ते बदलले — दुसऱ्या कशाचे तरी, काळपट, हलके केले. दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसावर हा संशय! वडील गेल्यावर मोहनरावांकडे तेवढाच एक बिल्ला उरला. नंबर ४१७. तो कशाचा आहे हे विचारायला ते मे महिन्यातल्या भर दुपारी स्कूटरवरून डोंबिवलीला, माझ्या घरी आले. डिकीतून तंबाखूची डबी काढली, बंदच माझ्या हातात दिली आणि एका लग्नाला जायची घाई म्हणून पाणीही न पिता गेले.

मी डबी उघडली. बिल्ला शाबूत होता — हे नीट ऐका — नंबर बोटाला लागत होता.

मला वाटलं, बेकेलाइट, म्हणजे जुन्या काळचं कडक प्लास्टिक. त्याची परीक्षा सोपी असते, गरम पाण्यात बुडवायचं आणि वास घ्यायचा. आधी कडेला तापलेली सुई टोचून बघायला हवी होती. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय मी! पण नाही — मला उत्तर तिथल्या तिथे हवं होतं. उकळतं पाणी कपात घेतलं आणि बिल्ला टाकला. वास आला तो लाखेचा. चिमट्याने उचलेपर्यंत चार गेला, एक गेला, साताची वरची कड तेवढी राहिली.

एवढंच सांगितलं असतं तर? चूक होते माणसाकडून. पण मी काय केलं? बिल्ला पुसला, त्याच डबीत ठेवला आणि दोन दिवसांनी मोहनराव आले तेव्हा वर त्यांनाच सुनावलं. लाखेची वस्तू, आणि मे महिन्यात डिकीतून आणता? वडिलांची आठवण ना ही? चांगला आवाज चढवून बोललो. ते अंगठा फिरवत नंबर शोधत राहिले. डबी उघडली तेव्हा कसा होता, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. इतका विश्वास — आणि तो मी असा वापरला.

पुढच्याच महिन्यात त्यांनी आपला सगळा संग्रह माझ्या दारात आणून ठेवला. आपल्याला सांभाळता येत नाही म्हणाले. मी तो घेतला. घेतला! बिल्लाही त्यातच आहे. त्याच्याखाली माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे — ‘आधीच्या संग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे खराब’. नव्या सभासदांना मी तो मुद्दाम दाखवतो.

परवा मोहनरावही आले होते. नाणी मांडलेल्या टेबलांसमोर हात पाठीमागे बांधून उभे होते. मी एक चिनीमातीचं टोकन त्यांच्यापुढे धरलं, बघा म्हटलं.

“नको सर, तुमच्याच हातात राहू दे,” ते म्हणाले. “माझ्याकडून वस्तू खराब होतात.”

मी टोकन ट्रेमध्ये ठेवलं आणि स्टेजवर शाल घ्यायला गेलो.