भोंगा मावशीची बोली

आमच्या मावशीला सगळी गल्ली भोंगा म्हणते. तोंडावर म्हणते, आणि तिला ऐकू येत नाही म्हणून खपून जातं, असं गल्लीला वाटतं. ती काही माझ्या आईची सख्खी बहीण नाही. कापडगिरणीत दोघींचे माग शेजारीशेजारी होते, एवढंच नातं. पण सख्ख्या आत्यापेक्षा तिनेच माझे कान जास्त पिळलेत. स्वतःचे कान मात्र तिने गिरणीला दिले. त्यामुळे ती दुकानात साखर मागायला गेली की समोरच्या इमारतीलाही कळतं, हिच्या घरातली साखर संपली.

पण हीच बाई आवाज न काढता तासन्‌तास बोलू शकते. गिरणीत माग एकदम धडधडायला लागले की कानाशी जाऊन किंचाळलं तरी उपयोग नसे. मग तिथल्या बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या. ओठ ताणून, भुवया उडवून, हातातलं काम न सोडता. कुणाचं लग्न जमलं, कुणाची सासू खाष्ट निघाली, मुकादम आज कुणावर उखडलाय, सगळी खबर या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. मुकादमाला आपलं वाटायचं, बायका काय निमूट काम करतात! पुढे गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले आणि बायका घरोघरी पांगल्या.

मागच्या वर्षी आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र कायमचा गेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी घरी आल्यावर तिने मला हाक मारायला तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही. दादाने टाइप केलेलं बोलून दाखवणारं यंत्र आणलं. त्यातून कुणीतरी परकी बाई 'मला. भूक. नाही.' असं म्हणायची. आईने ते उशीखाली सारलं ते पुन्हा काढलंच नाही. लिहायचं म्हटलं, तर तिचं वाक्य पुरं होईपर्यंत आमच्या गप्पा कुठल्या कुठे गेलेल्या असायच्या.

मग आम्ही सोपा मार्ग काढला. आईने ओठ हलवले की म्हणायचं, "हो हो, बरोबर आहे." आजारी माणूस, कशाला दुखवा!

एक दिवस मावशी आली, आईसमोर खुर्ची ओढून बसली आणि दोघी सुरू झाल्या. आवाज नाही, काही नाही, पण हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी. मी चहा घेऊन गेले तेव्हा आई माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. मी नेहमीसारखं हसून म्हटलं, "हो गं आई."

"काय म्हणाली ती?" मावशी गरजली.

"म्हणजे... हो म्हटलं ना मी."

"ती म्हणाली, या पोरीचं माझ्याकडे लक्षच नसतं. आणि तू म्हणतेस, हो गं आई!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मावशीने मग मला समोर बसवलं. गिरणीत नवी मुलगी आली की मागाला हात लावायच्या आधी तिला एक खूण शिकवायचे. पालथा पंजा कपाळाला लावायचा. अर्थ, कळलं नाही, पुन्हा सांग. ही खूण न लाजता करायला लागली की मगच तिला मागावर उभी करायची. "न कळता मान हलवणारीची बोटं जायची, बाई. मला ही खूण कुणी शिकवली? तुझ्या आईने."

मी तक्रारींच्या कॉल सेंटरमध्ये काम करते. 'आपली अडचण समजली' हे वाक्य दिवसभर म्हणते, पगारच त्याचा मिळतो. त्या दिवसानंतर ते म्हणताना माझी जीभ अडखळायला लागली.

तेवढ्यात मावशीच्या मुलाने फर्मान काढलं, मावशीने आता त्याच्याकडेच राहायचं. त्याचं गाव लांबचं. मावशी गेली की आईशी बोलणारं कुणी उरणार नव्हतं, आणि हे आमच्या घरात सगळ्यांना कळत असून कुणी उच्चारत नव्हतं. मी मावशीच्या मागेच लागले, जायच्या आधी मला शिकव.

शिकणं कसलं, डोकं धरायची पाळी. "मावशी, पाय आणि माय ओठांवर एकसारखेच दिसतात! कसं ओळखायचं?"

"पाय दुखत असले तर पाय! अगं, ओठ काय वाचतेस? आईकडे बघ की!"

मला आजवर वाटायचं, आधी शब्द येतो आणि मागून अर्थ. इथे सगळी उलटी गंगा. आई सकाळपासून खिडकीशी का बसलीय, ताटात तिने काय टाकलं, फोन वाजल्यावर तिचा चेहरा का उतरला, हे ठाऊक असेल तर शब्द दिसायचा. नाहीतर नुसते हलणारे ओठ.

मावशी निघाली त्या दिवशी बसला तुफान गर्दी. खिडकीची काच बंद, इंजिन घरघरतंय, आणि निरोप द्यायला आलेले सगळे "काय? काय म्हणतोस?" करून घसा फोडतायत. आमच्या दोघी मात्र काचेच्या आतबाहेर निवांत बोलत होत्या. बस हलताना मावशीने माझ्याकडे पाहिलं. "हिच्याशी भांडत जा," ती म्हणाली. "बिचारी म्हणून सोडून देऊ नकोस." काचेतून आवाज येणंच शक्य नव्हतं, हे बस वळल्यावर माझ्या लक्षात आलं.

घरी परतताना आई काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही, तसं सांगितलं. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा कळलं, आणि वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं. ती म्हणत होती, मीपण मावशीकडे राहायला जाते.

"वेड लागलंय का? औषधं, तपासण्या कोण बघणार?"

ती बघेल, आई म्हणाली.

"आणि मी?" माझा आवाज चिरकला. "मी कोणीच नाही का?"

तुला अजून नीट येत नाही, आई म्हणाली.

"मग शिकव ना! न शिकवता पळतेस कुठे?" मी भर रस्त्यात ओरडले. माणसं थांबून बघायला लागली. त्यांना वाटलं असेल, ही बाई एकटीच भांडतेय. आईचा चेहरा लालबुंद झाला. कंबरेवर हात ठेवून ती जी सुटली, ती माझ्या आळशीपणापासून माझ्या तुटक बोलण्यापर्यंत सगळं काढत गेली. एक शब्दसुद्धा पुन्हा सांगावा लागला नाही. कितीतरी महिन्यांनी आई माझ्यावर ओरडत होती, आणि मी रडत रडत तिला उलट उत्तरं देत होते.