चुन्याखालचा शेंदूर

म्हसोबाचा दगड दादानं नाही, मी ढकलला.

सत्तर वर्षं हे कुठं बोलले नाही. आज सकाळी दादा गेला, माझा थोरला भाऊ. आता गावच्या ग्रुपवर लिहितेय. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

देहूरोडजवळचा आमचा डोंगर लढाईच्या काळात लष्करानं घेतला होता. पन्नासच्या दशकात सोडला. वर नुसती गंजकी काटेरी तार, फुटके डबे, सिमेंटचे कट्टे.

गावानं ठरवलं, साफ करू. झाडं लावू. रविवारी लोक पोरंबाळं घेऊन येतील, बसतील.

पुढारी अर्थातच दादा. पिंपरीच्या कंपनीत नवा लागलेला, आठवडाभर ड्युटी आणि सुट्टी डोंगरावर.

अडचण एकच. आमचा म्हसोबा वरच होता, आणि लष्करानं सगळे दगड हलवून वाटेकडेला मांडलेले, चुन्यानं रंगवलेले. त्यालासुद्धा! देव कुठला नि दगड कुठला, कळेना.

दादानं नियम केला. प्रत्येक दगड आधी विळ्यानं खरवडायचा. शेंदूर दिसला तर हात जोडून बाजूला ठेवायचा, नाहीतर खाली ढकलायचा.

मी पंधरा वर्षांची. हाताला फोड आलेले, भूक लागलेली.
शेवटचे चार-पाच दगड मी न खरवडताच ढकलून दिले.

दुसऱ्या दिवशी ओढ्यात दोन तुकडे सापडले. चुन्याखाली शेंदराचे थर.

सगळं गाव आमच्या दारात. मी तोंड उघडणार, तोच दादा म्हणाला, "माझ्या हातनं झालं."

मग आत येऊन मला म्हणाला, "गप ऱ्हा. तुजं लगीन व्हायचंय अजून."

देव फोडलेली मुलगी कोण करून घेणार होतं?

नवा दगड बसवला. पण पौर्णिमेला पहिला शेंदूर लावायचा आमच्या घराचा मान गेला तो गेलाच.

देव फोडल्याचा आळ घेतलेला दादा पुन्हा डोंगर चढला नाही. वर बाकडी आली, झोपाळे लागले. माझी मुलं, नातवंडं तिथं खेळली. हा पायथ्याला चप्पल काढून हात जोडायचा आणि टपरीवर चहा घेत आमची वाट बघायचा.

लग्न झाल्यावर तरी बोलायला हवं होतं मी. सासू गेली, नवरा गेला, भ्यायला कुणी उरलं नाही. तरी उद्या सांगू, उद्या सांगू. लाज वाटते हो.

गेल्या दिवाळीत दादाला विचारलं, आता सांगून टाकू का गावाला?
हसला. "कुणाला आठवतंय गं आता?"

त्याला आठवत होतं.

गावकऱ्यांनो, येत्या पौर्णिमेला पहिला शेंदूर त्याच्या नातवाला लावू द्या.

दादा, चूक माझी होती. सगळ्यांसमोर लिहिलंय.
आता वर ये रे.

तुझ्या धाकटीचा तुला नमस्कार.