काठी डोंगरासाठी आणली, बसली माझ्या कपाळात

मंडळी, कपाळाला टाके पडलेत. डोकं ठणकून राह्यलंय, पण सांगितल्याशिवाय राहवत न्हाई.

दुपारी तीर्थपुरीत माझ्या कापडाच्या दुकानात आम्ही तिघं दोस्त, मी, सुदाम अन् बबन, हिमालयातल्या ट्रेकचं ठरवून राह्यल्तो. डोंगराच्या धारेवरून दिवसभर चालायचं अन् रोज नव्या झोपडीत मुक्काम करायचा. सुदामनं टप्पे असे आखले की झोपडीवर पोचायला रोज अंधारच.

मी म्हणलं, "सुदाम, मी जैन हाये. दिवस मावळल्यावर मी खात न्हाई. टप्पे छोटे कर."

"पारस, डोंगरात कशाचा आलाय धरम? बिस्किट खाय अन् गप चाल."

मी त्याचा नकाशा टराटरा फाडला. त्यानं माझी गचांडी धरली. मी त्याला ताग्यांवर ढकललं, तर त्यानं ट्रेकसाठी घेतलेली नवी काठी उचलून माझ्या कपाळात हाणली. पांढऱ्या गादीवर रगतच रगत. बबननं मला दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी सुदाम डबा घेऊन माझ्या घराच्या दारात उभा. "बिनकांद्याची भाजी हाये. जल्दी खा, दिवस मावळू राह्यला."

तोच डबा मी त्याच्या तोंडावर फेकून मारला. त्याचा ओठ फुटला. तो खाली बसून पोळ्या गोळा करू लागला, अन् तेवढ्यात दिवस मावळला. आता मी सकाळपर्यंत उपाशी.

तिकिटं निघालेली हायेत. त्या धारेवर एका वेळी एकच माणूस मावतो म्हणे. सांगा मंडळी, सुदामला माझ्या पुढं ठेवू का मागं?