नांदेडात हरवलेलं अर्धं स्कॉटलंड

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, स्कॉटलंड या देशाचा उत्तरेकडील अर्धा भाग नांदेड शहरात हरवला आहे. त्यात डोंगर आहेत, तळी आहेत आणि मधून एक तांबडी, ठिपक्याठिपक्यांची पायवाट गेलेली आहे. कुणास आढळल्यास त्याने त्यावर चहाचा कप ठेवू नये, त्यात चिवडा बांधू नये आणि तो तातडीने लातूरच्या भौतिकशास्त्राच्या मास्तरांकडे आणून द्यावा.

ही घोषणा रिक्षाला भोंगा बांधून नांदेडभर फिरवायची माझी फार इच्छा होती. फिरवली नाही, कारण तेव्हा मी क्लासमध्ये शिकवत होतो, आणि क्लासच्या मास्तरानं भोंगा लावून देश शोधणं बरं दिसत नाही. मी जे केलं ते त्याहून बरं दिसलं, असं मात्र नाही.

भूकंपानंतरची ती वर्षं. आमचं लातूरचं घर उभं राहिलं होतं, घरातली माणसं धड होती. किल्लारीकडची गावं बघून आल्यावर स्वतःच्या भिंतीतल्या भेगेबद्दल बोलायचीही लाज वाटायची. पण माझं बूड काही एका जागी टेकेना. स्लॅबखाली बसलो की नजर पंख्याकडे. तो फिरतोय हे दिसत होतं. तो डोलतोय का, हे मी बघत असे. शिकवताना फळ्यापाशी कमी आणि दाराच्या चौकटीत जास्त उभा राहायचो, एक पाय बाहेर ठेवून. पोरांना वाटायचं ही सरांची स्टाईल आहे. पुढच्या गल्लीतल्या रसायनशास्त्राच्या मास्तरांनी ती उचललीसुद्धा. काही दिवस लातुरात दोन विषय दारातून शिकवले जात होते.

त्याच सुमारास क्लासचा धंदा असा फोफावला की ज्याच्याकडे रिकामा हॉल होता त्यानं बाकडी टाकली आणि ज्याच्याकडे घर होतं त्यानं खोल्या पाडून पोरं ठेवली. लातूरचं बघून नांदेडलाही तेच सुरू झालं आणि शनिवार-रविवार मला तिकडचं बोलावणं आलं. मी आनंदानं हो म्हणालो. शिकवायची हौस होतीच. पण खरं सांगायचं तर अहमदपूरवरून नांदेडपर्यंत गाडी हलत राहते, आणि हलणाऱ्या गाडीत जमीन हलली तरी कळत नाही, याचा मला मोठा आधार होता.

तर अशा मनःस्थितीत मी एका दुपारी लातूरच्या एका रद्दीच्या दुकानात उभा होतो. जुने प्रश्नसंच धुंडाळायला आम्ही मास्तर मंडळी तिथं चोरून जायचो आणि एकमेकांना दिसलो की वर्तमानपत्र विकायला आल्याचं नाटक करायचो. दुकान एका म्हाताऱ्या चाचांचं. त्यांच्या वडलांपासून त्याच जागी. चाचांनी गादीखालून एक घडी काढली.

“सर, ये देखो. ऐसा कागद तुम देखेच नै होंगे. भिगताच नै!” असं म्हणून त्यांनी तांब्यातलं पाणी सरळ त्यावर ओतलं.

पाणी ओघळून माझ्या चपलेवर पडलं आणि खाली स्कॉटलंड कोरडं ठाक होतं. डोंगरातून पायी जाणाऱ्यांसाठी केलेला तो नकाशा होता. भूकंपानंतर घरं बांधायला आलेल्या परदेशी मंडळींपैकी कुणाचा तरी असावा. त्यांचा मुक्काम उठला आणि कागद चाचांकडे आला. सोबत त्यातल्या तांबड्या ठिपक्यांच्या वाटेचं एक छोटं पुस्तक होतं. त्याची मागची पानं आधीच शेंगदाण्याच्या पुड्यांत गेली होती.

मी दोन्ही घेऊन घरी आलो, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलो आणि वाचायला लागलो. ‘फाटक ओलांडल्यावर ते आपल्यामागे लावून घ्या. उजव्या हाताला पडकी भिंत दिसेल. इथे चिखल असतो.’ मी असं पुस्तक जन्मात वाचलं नव्हतं. लेखक नीती सांगत नव्हता, इतिहास सांगत नव्हता, नुसता हाताला धरून चालवत होता. मी नकाशावर बोट ठेवून त्याच्यामागून निघालो. फाटक लावलं. भिंत बघितली. चिखल तुडवला. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मी वर एकदाही बघितलं नाही. भूकंपानंतर पहिल्यांदाच मी एका जागी बसलो होतो, आणि तेही चालत चालत.

आणि एका तळ्याच्या काठी वाट संपली. संपली म्हणजे कापली गेली. कागदाला सरळ धारदार कड होती.

मी तसाच उठून चाचांकडे गेलो. “चाचा, बाकीचा कुठाय?”

“आधा तो नांदेड गया. मेरे सालेकी दुकान हैना वहाँ, किताबोंके कव्हर बेचता. बारिशमें चलता वो माल.”

आता माझी अवस्था ओळखा. वाटेवरच्या माणसाला तळ्याकाठी उभं करून ठेवलंय आणि पुढचा रस्ता नांदेडात विकला गेलाय! मला ती वाट शेवटपर्यंत बघायची होती. बाकी काही नको होतं. दुसरीकडून मिळते का तेही बघितलं. वाचनालयातल्या नकाशांच्या मोठ्या पुस्तकात अख्खं स्कॉटलंड माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं निघालं. पुस्तकांच्या दुकानात विचारलं, “परदेशात पायी फिरायची माहिती देणारं काही आहे का?” दुकानदार म्हणाला, “पायी कशाला? विमानानं जातेत की लोक,” आणि स्पोकन इंग्लिशचं पुस्तक पुढे सरकवलं. मुंबईला एका ओळखीच्या माणसाला कामाला लावलं. त्यानं मोठ्या प्रेमानं तिथल्या हॉटेलांची यादी पाठवली.

राहिलं नांदेड.

शनिवारी मी चाचांच्या मेहुण्यांच्या दुकानात हजर. ते हसले. “वो कागद? जूनमेंच खलास! पानी पडो की चहा सांडो, किताबको कुछ नै होता. क्लासच्या पोरापोरींनी काटके काटके नेला सर.”

म्हणजे माझी वाट नांदेडच्या पोरांच्या दप्तरात होती. आणि पोरं माझ्याच समोर बाकांवर बसत होती.

त्या दिवशी मी वर्गात शिरलो आणि म्हणालो, “सगळ्यांनी पुस्तकं मिटा आणि वर धरा.” शंभरेक हात वर झाले. मी फळ्याकडे न जाता बाकांमधून फिरायला लागलो. कव्हरांवर देव होते, नट होते, खताच्या कंपन्यांची कॅलेंडरं होती. आणि तिसऱ्या ओळीत, नायगावच्या एका पोराच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकावर, निळंशार तळं आणि तांबडे ठिपके! मी तिथंच त्याचं कव्हर सोडवलं, बदल्यात नवा खाकी कागद दिला आणि काही झालंच नाही अशा थाटात गतीचे नियम सुरू केले.

झालं. क्लासच्या गावात सर एखादा कागद इतक्या आस्थेनं शोधतात याचा अर्थ एकच होतो. पुढच्या शनिवारी एका मुलानं हात वर केला.

“सर, त्या तळ्याची खोली पाठ करायची का?”

“कुठल्या तळ्याची?”

“नकाशातल्या. परीक्षेला हाय म्हनतेत.”

“अरे बाबा, हे परीक्षेला नाही. याचा परीक्षेशी काडीचा संबंध नाही.”

अख्खा वर्ग एकमेकांकडे बघून समजूतदारपणे हसला. सर स्वतः नाही म्हणतायत म्हणजे पक्कंच. संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानाबाहेर रांग लागली. उरलेल्या तुकड्यांपैकी एकाची, कोपऱ्यातल्या मेंढ्यांच्या चित्रासकट, काळीपांढरी प्रत निघाली होती आणि वर ‘अतिमहत्त्वाचे’ असा शिक्का होता. डोंगरांची नावं पाठ करण्यासाठी पोरांनी एक गाणंही बसवलं होतं. उच्चार इतके अस्सल मराठवाडी की ते डोंगर हदगाव तालुक्यातले वाटावेत. शेजारच्या क्लासच्या मास्तरांनी मला कोपऱ्यात घेतलं. “आपल्यात काय लपवायचं? मेंढ्यांवर किती मार्कांचं हाय तेवढं सांगा.”

यात माझी झाली पंचाईत. कागद महत्त्वाचा ठरल्याबरोबर ज्याच्याकडे होता तो लपवून बसला. एक तुकडा झेरॉक्सवाल्याकडून मिळाला, एक वसतिगृहातल्या पोरानं दोन जादा तासांच्या बोलीवर दिला. जुळवले. वाट तळ्यापासून निघून एका ओसाड माळावरून वर चढली, डोंगराच्या खांद्यावर आली आणि पुन्हा कापलेली कड. आता फक्त शेवटचा तुकडा बाकी होता. मला चालता येईना, बसता येईना. शिकवताना मी दारातून बाहेरच जायचो आणि पोरं वहीत लिहून घेत वाट बघायची.

तो तुकडा मला एका रविवारी दिसला. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, जीवशास्त्राचं पुस्तक, आणि तिच्या कोपराखालून डोकावणारे तीन तांबडे ठिपके. मी बघतोय हे कळताच तिनं अख्खा हात पुस्तकावर पसरला.

दुपारी मी तिच्या खोलीवर गेलो. हदगावकडचं शेतकरी कुटुंब. वडील शेतावर आणि आई नांदेडात खोली घेऊन लेकीला रांधून घालायला राहिलेली. अशा आया तेव्हा गल्लोगल्ली असायच्या. ही आई दारातच भाकरी थापत बसली होती. मुलगी आत पुस्तक छातीशी धरून.

“ताई, मी क्लासचा सर.”

“वळखलं की. कागदासाठी आले ना? न्हाई मिळायचा.” परातीवरचा हात थांबला नाही. “माझ्या लेकीला डॉक्टर व्हायचंय. सगळ्यांचे कागद तुमी काढून घेतले. आता पेपरात आला म्हंजे हिनं काय करावं?”

“आईशप्पथ ताई, तो परीक्षेला येणार नाही.”

“मंग तुमाला कशाला पाहिजे?”

मी पिशवीतून जोडलेला नकाशा काढला आणि तिच्या खोलीतल्या फरशीवर पसरला. गुडघ्यांवर बसून बोटानं दाखवायला लागलो. हे फाटक, ही पडकी भिंत, इथं चिखल असतो. इथं तळं. इथून माळ लागतो, वाऱ्यानं माणूस वाकतो म्हणतात. मी बोलत गेलो आणि बाई भाकरी तव्यावर टाकून हात पुसत कधी शेजारी येऊन बसली ते मला कळलं नाही.

“शेतं कोनाची हायेत ही?”

“कुणाची नाहीत. नुसता डोंगर आहे.”

“मंग लोकं कशाला जातेत?”

“चालायला.”

“देवाला?”

“नाही. नुसतं चालायला.”

तिनं लेकीकडे बघितलं. लेकीनं माझ्याकडे बघितलं. दोघींच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच खात्री दिसली की हे परीक्षेला येणं शक्य नाही.

मुलीनं स्वतःच कव्हर सोडवलं. कडा दुमडलेल्या होत्या, आतल्या बाजूला तिचं नाव आणि विषय शाईनं लिहिलेला होता. मी तुकडा फरशीवर ठेवून सरकवत सरकवत कडेला कड भिडवली. तांबडे ठिपके डोंगराच्या खांद्यावरून पलीकडे उतरले, एका नदीच्या काठाला लागले, एका छोट्या गावात शिरले आणि थांबले. पुढे काही नव्हतं. वाट संपली होती. मला वाटलं होतं की आता छातीतलं काहीतरी खाली बसेल. आम्ही तिघं त्या शेवटच्या ठिपक्याकडे बघत राहिलो.

“पोचली?” आईनं विचारलं.

“पोचली.”

तेवढ्यात मला ते दिसलं. त्या गावाच्या वरच्या अंगाला, अगदी कागदाच्या कडेशी, हिरव्या ठिपक्यांची दुसरीच एक वाट सुरू होत होती. जेमतेम बोटभर जाऊन ती कडेवरून बाहेर पडत होती आणि पुढे बारीक अक्षरात छापलं होतं की उरलेला भाग दुसऱ्या नकाशात बघावा. माझे पाय बसल्या जागी हलायला लागले.

“ताई,” मी म्हणालो, “ही हिरवी वाट कुणाच्या पुस्तकावर असेल? चाचांना विचारलं पाहिजे. लातूरला नसली तर उदगीरला बघतो, तिकडेही रद्दीची दुकानं आहेत. हिचा नकाशा मिळाला की मग—”

तव्यावरून भाकरी जळल्याचा वास यायला लागला होता. बाई तिकडे धावली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि एकदम मोठ्यानं म्हणाली,

“अवो सर, मंग जाऊन या ना येकदाचे तिकडं! हितं कशाला लेकरांची पुस्तकं सोलून राहिले?”